कंबरेचं गाऱ्हाणं

हे मी उभ्याने लिहिते आहे. लॅपटॉप स्वयंपाकघराच्या ओट्यावर आहे आणि त्याच्याखाली तांदळाचा रिकामा डबा उपडा घातला आहे, म्हणजे मान वाकवावी लागत नाही. सात-आठ ओळी झाल्या की मी मागच्या दारापर्यंत जाऊन येते. लिखाण मध्येच तुटल्यासारखं वाटलं तर समजा, तिथे मी चालायला गेले होते.

मला जो आजार आहे त्यात बसलं की दुखतं, पडून राहिलं की जास्त दुखतं आणि चाललं की कमी होतं. हे कुणाला पटत नाही. लोकांच्या डोक्यात दुखणं आणि खाट यांची जोडी पक्की आहे. मी दिवसातून चार वेळा जेटीपर्यंत फेरी मारते, तेव्हा वाडीतल्या लोकांना मी ठणठणीत दिसते. तरी कानावर गेलेलं असतं, म्हणून विचारतात, "बरी हायस ना गो?" मी म्हणते, "बरी आहे."

या एका शब्दाने आमच्या घरात जो घोळ घातला तो सांगायचा आहे. ज्यांना असंच काही कायमचं दुखणं आहे आणि जे माझ्यासारखेच विचारणाऱ्याला एका शब्दात वाटेला लावतात, त्यांच्यासाठी हे आहे. मला तेव्हा असं काही मिळालं असतं तर मी ते वाचलं असतं, पण कुणाला दिसणार नाही असं.

*

माझं नाव तन्वी, वय सव्वीस. बाबा मच्छीमार बोटीवर तांडेल आहेत, म्हणजे बोट त्यांच्या हुकमाने चालते. आई बाजारात मच्छी विकते. दोघांनी हट्टाने मला इंग्रजी शाळेत घातलं. वाडीतून त्या शाळेत जाणारी मी एकटीच. शाळेत मी गप्प असायचे, कारण तोंड उघडलं की आमच्याकडचा हेल बाहेर पडायचा. घरी गप्प असायचे, कारण शाळेतलं कसं सांगायचं ते कळायचं नाही. दोन्हीकडे गप्प राहिलेलं माणूस बघायला शिकतं. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असं मला वाटायचं. ते किती खोटं होतं ते पुढे येईलच.

आता मी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, मासळी गोठवून परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. आई ताजी मासळी विकते आणि लेक गोठलेली तपासते, यावर बाबा अजून हसतात.

तेविसाव्या वर्षी सुरू झालं. सकाळी उठताना कंबर लाकडासारखी. तासाभराने सुटायची. सगळ्यांनी सगळं सुचवलं. तेल, शेक, पट्टा, नवी खुर्ची. आईचा राग कॉम्प्युटरवर. जवळच्या एका डॉक्टरांनी आठ दिवस पूर्ण विश्रांती सांगितली. मी शहाण्या मुलीसारखी आठ दिवस पडून राहिले. नवव्या दिवशी आईने मला काखेत हात घालून न्हाणीपर्यंत नेलं. अशी दोन वर्षं गेली.

*

शेवटी कोल्हापूरच्या एका तज्ज्ञ डॉक्टरांचं नाव कळलं. आई आणि मी एसटीने गेलो. पालीला गाडी थांबली तेव्हा मी उतरले आणि गाडीभोवती फेऱ्या मारू लागले. तिसऱ्या फेरीला कंडक्टरने विचारलं, "ताई, काय हरवलंय काय?" मी नाही म्हटलं आणि तरी खाली बघत चालत राहिले, कारण काहीतरी हरवलं आहे हे निदान कारण तरी होतं.

डॉक्टरांनी तपासण्या बघितल्या आणि माझ्याशी इंग्रजीत बोलले. आजाराचं नाव लांबलचक आहे. थोडक्यात, मणक्यांचा आणि माकडहाडाच्या वरच्या सांध्यांचा संधिवात. मी आळशी नव्हते, नाटकं करत नव्हते, हे एका कागदावर छापून आलं याचं मला इतकं बरं वाटलं की त्यांची पुढची दोन वाक्यं मी नीट ऐकलीच नाहीत. मग ती पोचली. हा बरा होत नाही. आटोक्यात राहतो. औषध आणि व्यायाम जन्मभर.

आई शेजारी मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली होती. तिचे डोळे डॉक्टरांकडे नव्हते, माझ्या तोंडाकडे होते. मी तोंड सरळ ठेवलं. यात माझा हातखंडा आहे.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "काय बोलले?"

मी म्हटलं, "गोळ्यांनी बरं वाटेल म्हणाले."

बरं वाटणं आणि बरं होणं यांत एका क्रियापदाचं अंतर आहे. मी ते जाणूनबुजून निवडलं. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरंही नको होतं. आईने ते अंतर तिथल्या तिथे पार केलं. स्टँडवर पोचायच्या आत तिने बाबांना फोन लावला आणि म्हणाली, "पोर बरी होनार हाय." मी तिच्या शेजारी उभी होते. दुकानांच्या पाट्या वाचत राहिले.

*

मग दिवसांना एक ठेवण आली. सकाळी गरम पाण्याखाली उभं राहणं, मग व्यायाम, मग नाश्ता, मग गोळी. महिन्याला रक्त. तीन महिन्यांनी कोल्हापूर. प्रत्येक वेळी डॉक्टर विचारायचे, दुखणं दहापैकी किती. मी सांगायचे सहा. पाच म्हटलं तर आलीस कशाला असं वाटेल, सात म्हटलं तर नवी गोळी मिळेल. सहा हा सभ्य आकडा आहे. प्रत्यक्षात काही सकाळी नऊ असायचं आणि काही संध्याकाळी तीन.

ऑफिसात मी पाणी प्यायच्या निमित्ताने फिरायचे. लोकांना वाटायचं हिला फार तहान लागते. एकदा दोन तासांची मीटिंग संपली, सगळे उठले आणि माझी कंबर उठेना. मी फोन कानाला लावला आणि कुणाशी तरी बोलत असल्यासारखी बसून राहिले. पलीकडे कुणी नव्हतं. मी मध्येच "ओके, शुअर" असंही म्हटलं.

घरी मी चिडकी होत गेले. आई दुपारी बाजारातून दमून यायची आणि मी खोलीत येरझाऱ्या घालताना तिला दिसायची. ती म्हणायची, "बस गो जरा. तुला बघून मीच दमते." ती प्रेमाने म्हणायची आणि मला ते कानात काडी घातल्यासारखं लागायचं. मासेमारी बंद असतानाचे दिवस होते. बाबा घरात जाळं विणत बसले होते. आई दुसऱ्यांदा "बस" म्हणाली आणि मी शेकायची पिशवी भिंतीवर फेकून मारली. इंग्रजीत ओरडले, मला एकटीला सोडा म्हणून. पिशवी फुटली, पाणी सगळीकडे. आई फडकं घेऊन आली. बाबांनी जाळ्यावरची नजर न काढता विचारलं, "पानी गरम होतं की गार?"

"कोमट."

"मग वाचलो," ते म्हणाले आणि पाय वर घेतले.

मला हसू आलं नाही. तेव्हा काहीच येत नव्हतं. आई कालवण वाढून विचारायची, "कसं झालंय?" ते हल्ली जरा सपक लागायचं. बाबा माझ्याकडे बघायचे, मी बाबांकडे, आणि आम्ही दोघं म्हणायचो, "बरं झालंय."

*

चौथ्या फेरीला डॉक्टरांनी माझी फाइल मागे उलटत नेली. सहा, सहा, सहा. ते म्हणाले की समुद्रकाठच्या मुलीचं दुखणं इतकं संथ कसं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि समुपदेशकाकडे जा असं सुचवलं. कायमच्या दुखण्याने मनावर जे साचतं त्यालाही उपचार लागतो, एवढं एक वाक्य बोलले.

मला राग आला. इतकी वर्षं लोक म्हणत होते की हे तुझ्या मनाचे खेळ आहेत, आणि आता कागदावर हाडांचं नाव असताना पुन्हा मन. मी तीन आठवडे गेले नाही. मग एका सकाळी बुटाची लेस बांधता बांधता रडू फुटलं. लेस बांधता येत नव्हती म्हणून नाही, बांधता आली होती. तरी रडू येत होतं. त्या गुरुवारी गेले.

रत्नागिरीतल्या एका फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यामागच्या खोलीत समुपदेशक बाई दर गुरुवारी बसत. घरी मी फिजिओला जाते असं सांगितलं. पत्ता तर खराच होता.

मृणाल मॅडम पन्नाशीच्या असतील. संगमेश्वरहून एसटीने येत. बोलण्यात तिकडचा हेल स्वच्छ उमटायचा, जो मी स्वतःच्या जिभेवरून घासून घासून काढला होता. पहिल्या दिवशी मी खुर्चीवर ताठ बसले आणि आजाराचा सगळा इतिहास इंग्रजीत, क्रमवार, प्रयोगशाळेचा अहवाल वाचावा तसा सांगितला. चाळीस मिनिटं. त्यांनी ऐकलं. शेवटी एवढंच विचारलं, "तुला बसवतंय का?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. बस सगळे म्हणाले होते. मी अर्थातच "आय ॲम फाइन" म्हटलं.

"मला नाही बसवत," त्या म्हणाल्या. "सकाळपासून गाडीत बसूनच आलेय. चल, चालूया."

दवाखान्याच्या मागे जांभ्याच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने एक पायवाट आहे. त्यानंतरच्या आमच्या सगळ्या भेटी तिथे चालत झाल्या. चालताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. लाजऱ्या माणसांनी हे लक्षात ठेवावं.

दुसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी सांगितलंस ते मराठीत सांग."

मी म्हटलं, "दुखतं."

"आणि?"

"खूप दुखतं."

"आणि?"

पुढे काही नव्हतं. इंग्रजीत मला दुखण्याचे बारा प्रकार सांगता येत होते, इंटरनेटवर वाचले होते. मराठीत मी शाळेतल्या धड्यांवर चांगले मार्क मिळवले होते, पण धड्यात कुणाची कंबर दुखत नव्हती.

"घरी आईशी कुठल्या भाषेत बोलतेस?"

"मराठीत."

"मग तुझ्या आईला दोनच गोष्टी ठाऊक आहेत. दुखतं आणि खूप दुखतं," त्या म्हणाल्या. "ती बिचारी आराम कर नाही म्हणणार तर काय म्हणेल?"

मग त्यांनी एक काम दिलं. दुखण्याचे शब्द जमवून आण. पुस्तकातून नाही, माणसांच्या तोंडून.

त्यांचं सगळंच लागू पडलं असं नाही. दुखण्याला पत्र लिही, असं त्यांनी एकदा सांगितलं. मी "प्रिय दुखणं" एवढं लिहिलं, मला स्वतःचीच लाज वाटली आणि कागद फाडला. मी तसं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, राहू दे मग. पण दुसरी एक गोष्ट फार उपयोगी पडली. आजचं काम आजच्या कंबरेएवढं. चांगल्या दिवशी मी आठवड्याची कामं उपसायचे आणि पुढचे तीन दिवस भरपाई करायचे. ते त्यांनी मोडून काढलं.

*

शनिवारी मी बाजारात आईच्या मागे जाऊन उभी राहिले. आईला नवल वाटलं. शाळेत असल्यापासून मी तिथे यायचं टाळत होते, हे तिला माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे मला माहीत होतं. शेजारच्या पाटावर काशीमावशी बसते. ती आईची नातेवाईक नाही, पण दोघी वीस वर्षं खांद्याला खांदा लावून बसतात. मी तिला विचारलं, मावशी, तुझी कंबर दुखते तेव्हा कशी दुखते?

"कशी म्हंजे? इंग्लिश शाळेत कंबरेला काय बोलतात?"

"बॅक."

"बॅक म्हंजे परत. येष्टीवाला बोलतो ना, बॅक घे, बॅक घे." तिने कोलंबी तोलता तोलता आईकडे बघितलं. "मग माजी कंबर बॅक दे म्हनावं. जवान होती तवाची."

सगळ्या बायका हसल्या आणि मग ओळीने बोलू लागल्या. दिवसभर पाटावर बसणाऱ्या बायका त्या. प्रत्येकीच्या कंबरेला स्वतःची गोष्ट होती. कळ येते आणि जाते, लाटेसारखी. ठणका जात नाही. काशीमावशी म्हणाली, तो भाडेकरू. चमक निघाली की हातातलं खाली पडतं. शिणक भरली की श्वास अर्ध्यात राहतो. रग कामाने लागते, तिचा राग येत नाही. आणि सकाळी अंग आखडतं ते वेगळंच, ते दुखणंसुद्धा नव्हे, ते गंजणं.

मी फोनवर टिपून घेत होते. देवनागरीत टाइप करायची सवय नव्हती, फोन "शिणक"चं "शिक्षक" करत होता. पण प्रत्येक शब्द ऐकला की माझ्या पाठीतली ती ती जागा हात वर करत होती. हजेरी घेतल्यासारखी.

पुढच्या गुरुवारी मी मॅडमना सांगितलं, सकाळी आखडते, बसले की ठणका धरतो, वळले की चमक निघते. एवढं सांगितलं आणि गडग्याला हात टेकून रडले. त्यांनी थांबवलं नाही. चालायलाही सांगितलं नाही.

मी शनिवारी बाजारात जाऊ लागले. आई खूश. गिऱ्हाइकं विचारायची, ही तुझी मुलगी ना, आता बरी आहे ना? मी सवयीने म्हणायचे, "बरी आहे." आई समोर बसून ऐकत होती.

*

एका मंगळवारी आई म्हणाली, "रविवारी सुट्टी घे. देवीचा नवस फेडायचाय."

कसला, विचारल्यावर तिने भाजी चिरता चिरता सांगितलं. कोल्हापूरहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती एकटी देवळात गेली होती आणि बोलली होती, पोर बरी होईपर्यंत मासळी तोंडाला लावणार नाही. आता मीच बाजारात सगळ्यांना बरी आहे म्हणत होते, म्हणून फेडायचा.

मी हिशेब लावला. वर्ष उलटून गेलं होतं. वर्षभर ही बाई दिवसभर मासळी हाताळत होती, घरी येऊन आमच्यासाठी रांधत होती आणि आम्हाला वाढून झाल्यावर स्वतः वरण नाही तर कोकमाचं सार घेऊन बसत होती. मी रोज तिचं ताट बघत होते. एकदाही पाहिलं नव्हतं. बाबांनी ओळखलं होतं, हे नंतर कळलं. तिने त्यांना गप्प केलं होतं.

मी मागच्या दारी गेले, परत आले, पुन्हा गेले. माझा आजार जन्माचा. म्हणजे खरं सांगितलं तर तिचा उपासही जन्माचा. गप्प राहिले तर ती रविवारी बांगडा खाईल. एकदा, फक्त अजून एकदा "बरी आहे" म्हणायचं होतं. ते तर मी दिवसातून दहा वेळा म्हणत होते.

गुरुवारी मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटत होतं त्या काय करू ते सांगतील. त्या म्हणाल्या, "देवी आणि तुझी आई यांच्या मध्ये मी पडणार नाही." चार पावलांनी त्यांनी विचारलं, "नवस फेडला. आई जेवली. त्यानंतर तुझी पहिली वाईट सकाळ येईल तेव्हा?"

मी तिथेच थांबले. ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ती सकाळ येणारच. आणि आई म्हणणार, मीच घाई केली, मी खाल्लं म्हणून झालं.

"रविवारी गाऱ्हाणं कोण घालणार?" त्यांनी विचारलं.

"गुरव."

"त्याला काय घालायचं ते कोण सांगणार?"

गाऱ्हाणं या शब्दाचा शाळेतला अर्थ मला ठाऊक होता, तक्रार. तक्रार करणाऱ्या मुली आमच्या शाळेत वाईट. न रडता इंजेक्शन घेतलं म्हणून तिसरीत मला शाबासकी मिळाली होती. मी तसं म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे देवालासुद्धा आधी सगळं सांगतात, मग मागतात. न सांगता मागितलं तर त्याला कळायचं कसं?"

*

शुक्रवारी सांगायचा प्रयत्न केला. आई नारळ मोजत होती. शनिवारी पुन्हा केला. ती म्हणाली, रविवारनंतर बोल काय ते.

देऊळ वाडीच्या टोकाला आहे. पंधरा-वीस माणसं जमली होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आईने ओटी भरायचं ताट धरलं होतं. वाडीचे गुरव आप्पा आता पंचाहत्तरीचे आहेत आणि त्यांना कमी ऐकू येतं. ते देवीसमोर उभे राहिले आणि वळून आईला विचारलं, काय घालायचं.

"पोर बरी झाली," आई मोठ्याने म्हणाली. "नवस फेडतो."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. रीत म्हणून विचारलं, "झालीस ना गो बरी?"

शब्द तोंडात तयार होता. जिभेच्या टोकावर, नेहमीच्या जागी.

"नाय," मी म्हटलं.

आप्पांनी कानाला हात लावला. "काय?"

मी कधी मोठ्याने बोलत नाही. वर्गात बोलले नाही, मीटिंगमध्ये बोलत नाही. तिथे मला ओरडावं लागलं. "नाय झाले बरी. हा आजार बरा होत नाय. आईला मी सांगितलं नव्हतं."

कुणीतरी मागे कुजबुजलं, मग नारळ कशाला आणले. आईने ताट खाली ठेवलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग बघितलंच नाही.

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, घातला. आईला विचारलं, "तू देवीला काय बोलली होतीस? शब्द सांग."

तिने सांगितले.

"दुखतं काय, कुठं, कसं, ते सांगितलंस?"

आईने मान हलवली. तिला ते ठाऊकच नव्हतं.

"मग ते अर्धंच गाऱ्हाणं झालं," आप्पा म्हणाले आणि माझ्याजवळ आले. "बोल बाय. सावकाश. मला ऐकू येईल असं."

मी सांगितलं. काशीमावशीचे शब्द होते, तीही तिथेच उभी होती. आप्पा मान डोलावत होते. मग ते वळले आणि त्यांचा तो चढता आवाज लागला.

"बा देवी म्हाराजा! आज तुझं लेकरू तुझ्या पुढ्यात उभं हाय!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"सकाळची तिची कंबर आखडते, तासभर सुटत नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"बसली की ठणका, निजली की ठणका, चालली की उतार!"

"व्हय म्हाराजा!"

"हे दुखणं जन्माचं हाय! तर ते आटोक्यात ठेव, गोळीला गुण दे, पोरीला चालती ठेव! नि ह्या माऊलीनं न कळता जो उपास धरला, तो आजपातूर पुरा झाला असं मानून घे!"

"व्हय म्हाराजा!"

बाबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता, बोटीवरचा. मी तीन वर्षं ज्या गोष्टी एकेकाला पटवून देऊ शकले नव्हते, त्यांना पंधरा-वीस माणसं एका सुरात हो म्हणत होती. कुणी आराम कर म्हणालं नाही. कुणी तेल सुचवलं नाही. नुसतं हो. मला वाटतं, मला तेवढंच हवं होतं.

त्या आवाजांत आईचा आवाज नव्हता. तो नसल्याचं मला स्वच्छ ऐकू आलं.

*

त्या दिवशी तिने मासळी खाल्ली नाही. पुढचे नऊ दिवस ती माझ्याशी "गोळी घेतलीस?" याखेरीज बोलली नाही. हे मी लपवणार नाही, कारण खरं सांगितलं की लगेच सगळं हलकं होतं असं काही पुस्तकांत असतं आणि ते खरं नाही. ते नऊ दिवस दुखण्यापेक्षा वाईट होते. मी जेटीच्या फेऱ्या चारच्या सात केल्या.

दहाव्या दिवशी ती म्हणाली, "कोल्हापूरला मला का नाय सांगितलंस? मी अडानी म्हणून?"

मी म्हटलं, "नाही. मला मराठीत सांगता येत नव्हतं."

तिने विचारलं, "मग शिकवलंन कोनी?"

मी मॅडमचं सांगितलं, फिजिओचा खोटेपणाही सांगितला. पुढच्या गुरुवारी ती माझ्याबरोबर आली, ती बाई कोण ते बघायला. गडग्याच्या कडेने तिने मॅडमबरोबर तीन फेऱ्या मारल्या. बोलणं सगळं तिच्या स्वतःच्या कंबरेचं चाललं होतं. मी मागून चालत होते.

दुखणं आहे. या आठवड्यात दोन सकाळी वाईट गेल्या. डॉक्टरांना आता मी आकडा सांगत नाही, शब्द सांगते. ते लिहून घेतात. ऑफिसात मी मीटिंगला भिंतीशी उभी राहते. पहिल्या दिवशी सगळ्यांनी बघितलं, तिसऱ्या दिवसापासून कुणी बघत नाही. गुरुवार चालू आहेत.

आणि परवाची एक सकाळ. मी इथेच, या ओट्यापाशी उभी होते. आई बाजाराला निघायच्या तयारीत होती. तिने विचारलं, "आज काय?"

"बरी हायस ना" असं विचारलं नाही. नुसतं, आज काय.

"आखडलेय. पण ठणका नाही."

ती थांबली. मग तिने तवा ठेवला आणि दोन बांगडे तळायला घातले. एक माझ्यापुढे सरकवला. दुसऱ्याचा शेपटीकडचा तुकडा मोडून, दाराकडे बघत, तोंडात टाकला. माझ्याशेजारी उभ्यानेच. फार वेळ चावत राहिली.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

चव न घेता रांधत होती ती, वर्षाहून जास्त.

"रोज असंच असतं?"

"हो."

"मग बोलला का नाय कोनी?" आई म्हणाली. "विचारलं की आपले दोघं, बरं झालंय, बरं झालंय."